अजून न उगवलेल्यांची यादी

कचेरी आणि कोठी यांच्यामधल्या भिंतीत एक सरकती काच होती, आणि त्या काचेमागे बसणाऱ्या बाईला सगळे खिडकीताई म्हणत. कंपनी रानफुलांचं बी विकायची. कोणतं बी कुठून आलं, कधी वाळवलं, थंड खोलीतल्या कोणत्या कप्प्यात ठेवलं, पेरून पाहिल्यावर शंभरातलं किती उगवलं, हे सगळं संगणकात साठवलेलं असे. त्यातलं हवं ते शोधून देणं हे खिडकीताईचं काम. लोक येत, काचेवर बोटाने टकटक करत आणि अर्धंमुर्धं काहीतरी विचारत.

"ते पिवळं, मागल्या खेपेचं, त्याचं पुढे काय झालं?"

एवढ्यावरून पिवळं कोणतं, खेप कोणती आणि पुढे म्हणजे कुठवर, हे तिने ओळखायचं. बावीस वर्षं ती हेच करत होती. पदार्थविज्ञान शिकलेली, मोजकं बोलणारी बाई. पण अलीकडे टकटक ऐकली की ती आधी डोळे मिटून घ्यायची आणि मग काच सरकवायची. झोपेतही कुणीतरी काच वाजवतंय असं वाटायचं, आणि ती झोपेतच विचारायची, "कोणतं पिवळं?" तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो कूस बदलत म्हणायचा, "सगळी पिवळी दे त्याला आणि झोप."

या वर्षी तिचं जुनं शोधसाधन अखेरच्या घटका मोजायला लागलं, तेव्हा धाकट्या मालकांनी दोन नवी साधनं तीन आठवडे वापरून बघायला आणली. पहिलं म्हणजे एक कोरं पान. त्यावर नेमक्या शब्दांत प्रश्न लिहायचा: कोणत्या तक्त्यातून, कोणत्या अटीवर, कोणत्या क्रमाने. उत्तर मग ओळीओळींनी खाली उतरायचं. एक शब्द चुकला की ते रुसून बसे. दुसरं आपणहून बोलणारं. सकाळी पडदा उघडला की तयार अहवाल समोर हजर, रंगीत खांब, वर्तुळं, बाण, कुणालाही बघून कळावेत असे. कचेरीने पहिल्याचं नाव ठेवलं प्रश्नवाली, दुसऱ्याचं चित्रवाली.

"ताई, गुरुवारी मला एक पान लिहून द्या," धाकटे मालक म्हणाले होते. "कोणती घ्यायची आणि का. तुम्ही म्हणाल ती."

आपण काय म्हणणार हे खिडकीताईला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं. ती चित्रवालीच्या प्रेमात पडली होती. ती घेतली की प्रत्येकजण आपापल्या पडद्यावर आपापलं पिवळं बघेल. काच बंदच राहील. दुपारी कोठीच्या वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं आत यायचं आणि त्यात बियांचे पिसासारखे केस तरंगत राहायचे. ते बघत, कुणालाही उत्तर न देता, दहा मिनिटं बसता येईल, असं तिला वाटे.

म्हणून तिने चित्रवालीची मांडणी फार मन लावून केली. पहिला अहवाल उगवणीचा: प्रत्येक लॉटसाठी एक खांब, जितकी उगवण तितकी उंची. पहिल्यांदा काढला तेव्हा मधूनमधून खांबच नव्हते. दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं. तिने मांडणीच्या याद्या धुंडाळल्या, तर एक बारीक चौकोन सापडला: रिकाम्या जागी शून्य दाखवा. तिने त्यावर खूण केली. फटी बुजल्या. तळाशी लहानशा लाल रेघा उमटल्या आणि सगळी रांग अखंड झाली. तिला बरं वाटलं, घडी नीट बसलेल्या चादरीवरून हात फिरवताना वाटतं तसं.

मंगळवारी सकाळी काचेवर टकटक झाली. बाहेर आत्या उभ्या होत्या.

आत्या खरं तर फक्त धाकट्या मालकांच्या आत्या, पण सगळी कंपनीच त्यांना आत्या म्हणायची. उगवणीची खोली त्यांची. ओल्या टिपकागदावर शंभर बिया दहा बाय दहा मांडायच्या, ट्रे कपाटात सरकवायचा आणि सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी कोंब मोजायचे, हे त्या तीस वर्षं करत आल्या होत्या. खिडकीशी त्या वर्षातून दोनदा यायच्या, आणि कधीच अर्धवट विचारायच्या नाहीत.

"अगं, माझी आळशी निळी तुझ्याकडे कधी मेली?"

आळशी निळी म्हणजे डोंगरउतारावरचं एक निळं फूल. त्याचं बी वर्षानुवर्षं उगवत नाही, म्हणून आत्यांनीच ठेवलेलं ते नाव.

"मेली कुठे? कोण म्हणालं?"

"तुझा संगणक म्हणाला. काल माझ्या भाच्याने त्या चित्रातले लाल तेवढे वेचून कागद काढला. एकतीस लॉट. नवा माल यायचाय परवा, जागा हवी म्हणे. शून्य उगवण, ठेवून काय लोणचं घालायचंय, असं मला विचारतो. मला. मी त्याला उचलून ट्रे दाखवायचे तेव्हा हा शंभरपर्यंत आकडे शिकत होता."

खिडकीताईने पडद्यावर आळशी निळीचा लॉट काढला. खांबाच्या जागी लाल रेघ.

"शून्यच आहे, आत्या."

"मी शून्य लिहिलंय का?"

तिने मूळ तक्ता उघडला. सात मोजण्या, साडेतीन वर्षांतल्या. सातही चौकटी कोऱ्या होत्या.

"शून्य मी कधी लिहिते माहीतंय?" आत्या काचेच्या कडेवर कोपर टेकून म्हणाल्या. "बी चिरून बघते. आत तपकिरी, भुसभुशीत असलं की शून्य, आणि तो लॉट तेव्हाच बाहेर. पण उगवलंही नाही आणि चिरल्यावर आत पांढरं, घट्ट निघालं, तर मी काय लिहू? ते झोपलंय. झोपलेल्याच्या नावापुढे मी काही लिहीत नाही. सहा महिन्यांनी परत विचारते."

"मग सगळीच चिरून का नाही बघत?"

"चिरलेलं उगवतं होय? एक चिरायचं आणि बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. एकेका पिशवीत दोन-अडीचशे दाणे उरलेत गं, सगळेच चिरले तर विकायचं काय, सुरी?"

खिडकीताई हसली नाही. तिला तो बारीक चौकोन आठवत होता. ती खूण करताना आपल्या बोटाला झालेला आनंदसुद्धा तिला आठवत होता.

"आत्या, ती शून्यं मी भरली," ती म्हणाली. "रांग तुटक दिसत होती म्हणून."

आत्यांनी कडेवरचं कोपर उचललं. "चल," त्या म्हणाल्या.

कोठीवाल्या दादांनी एकतीसच्या एकतीस पिशव्या थंड खोलीतून काढून मागच्या पत्र्याच्या पडवीत आणल्या होत्या. पडवी तापायला लागली होती. भरडायचं यंत्र घरघरत होतं, त्याच्या तोंडाशी राखाडी भुसा साचला होता.

"बंद करा ते," आत्या म्हणाल्या.

दादांनी यंत्र बंद केलं. "साहेबांचा कागद आहे, आत्या. आणि फेकायचं बी आधी भरडायचं, नाहीतर खताच्या खड्ड्यात उगवून बसतं. नियम तुमचाच."

"किती झाले?"

"बारा."

आत्या खाली बसल्या. त्यांनी भुशात बोटं घातली आणि काढली. बोटांना बारीक, चमकती टरफलं चिकटली होती.

"दादा, बाकीचे एकोणीस आत ठेवा," खिडकीताई म्हणाली. "माझ्या जबाबदारीवर."

"ठेवतो की. पण ताई, उद्या दुपारपर्यंतच. परवा सकाळी गाडी येतेय आणि साहेबांचा कागद तुमच्या शब्दापेक्षा जाड आहे. उद्या दुपारपर्यंत दुसरा कागद आणा, नाहीतर मी काय करू सांगा?"

पिशव्या आत ठेवायला ती स्वतः गेली. थंड खोलीत ती फार कधी जात नसे. दार मागे लागलं तसा बाहेरचा सगळा आवाज कुणी उशीखाली दाबल्यासारखा मऊ झाला. निळसर दिवा, छतापर्यंत कप्पे, कप्प्यांत कागदी पिशव्या, प्रत्येकीवर आत्यांच्या हातचा आकडा. पंख्याची एकसुरी गुणगुण. ती उभी राहिली आणि थोड्या वेळाने तिला वाटायला लागलं, ही गुणगुण पंख्याची नाही. एवढ्या सगळ्या बिया मिळून एकच लांब श्वास घेताहेत, आणि तो आत जायलाच कित्येक वर्षं लागणार आहेत. इतकी वर्षं आपण यांना आकड्यांनी ओळखत होतो. चौकटीत आकडा असला की आपल्यासाठी ते बी असे, नसला की ती फट असे. एकेक पिशवी ठेवताना ती उगाचच पाऊल न वाजवता चालत राहिली.

संध्याकाळी घरी भांडी पुसता पुसता तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"बंद लिफ्ट दिसली की लोक म्हणतात मोडली," नवरा म्हणाला. "दहातल्या चार वेळा ती नुसती उभी असते. कुणी बटण दाबलेलं नसतं."

"आणि बाकीच्या सहा?"

"सहा वेळा मोडलेली असते. म्हणून तर मला पगार मिळतो."

ती पुसलेली थाळी परत पुसत राहिली. तो हसून म्हणाला, "ती वाळली. तिला सोड."

पण तिला हवं होतं ते मिळालं होतं. झोपलेल्यांमधले किती जागे होतात, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आत्यांच्या मनात त्याचं उत्तर असणार, पण मनातलं उत्तर धाकट्या मालकांना चालणार नव्हतं.

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत आली. तिने चित्रवाली उघडली, चौकोनातली खूण काढली. लाल रेघा गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते लॉटही गेले. पुन्हा नुसत्या फटी उरल्या, खाली नावसुद्धा नाही. तिने इकडे तिकडे शोधून पाहिलं. या चित्रात लॉट एकतर मेलेला असू शकत होता, नाहीतर जन्मलाच नव्हता. झोपलेल्यासाठी त्यात जागा नव्हती.

मग तिने प्रश्नवालीचं कोरं पान उघडलं आणि हळूहळू लिहिलं. ज्या लॉटची एखादी तरी मोजणी कोरी आहे आणि त्यानंतरच्या एखाद्या मोजणीत शून्याहून मोठा आकडा आहे, ते दाखव. पहिल्या कोऱ्या चौकटीपासून पहिल्या कोंबापर्यंत किती दिवस गेले, तेही दाखव. दोनदा शब्द चुकला, दोनदा पान रुसलं. तिसऱ्यांदा ते स्तब्ध राहिलं, विचार करणाऱ्या माणसासारखं.

त्या क्षणात तिला वाटलं, आपण एका प्रचंड, अंधाऱ्या घराच्या दारात उभ्या आहोत. आत कितीतरी खोल्या, प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी झोपलेलं. आपण मोठ्याने नाही, अगदी हळू विचारलंय, जे उशिरा उठलात त्यांनी ओ द्या. आणि खूप आतून, एकामागून एक, ओ येत होती.

सदतीस ओळी. एक तीनशे दिवसांनी. एक आठशेंनी. शेवटची ओळ आळशी निळीच्याच एका जुन्या लॉटची होती: दोन हजार एकशे अठ्ठ्याण्णव दिवस, सहा वर्षं आणि वर आठवडाभर. त्यानंतर शंभरातल्या एक्याऐंशी.

तिला तिथेच थांबावंसं फार वाटलं. पण ती थांबली नाही. तिने उलटा प्रश्नही विचारला: आधी कोरी चौकट आणि अखेर शून्य, असे किती? बावीस. तेही तिने त्याच कागदावर छापलं.

धाकटे मालक दहा वाजता आले. आत्या आधीच त्यांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीत बसल्या होत्या.

"आत्या, ती माझी खुर्ची."

"माहीत आहे. मऊ आहे. तू ऐक ती काय सांगते."

खिडकीताईने सांगितलं. चौकोनाची खूण आपणच केली, हे तिने सर्वांत आधी सांगितलं, म्हणजे नंतर सांगायचं धाडस गोळा करावं लागू नये. धाकट्या मालकांनी कागद वाचला. ते वाईट माणूस नव्हते, घाईतले होते.

"मग खूण काढून टाका. संपला प्रश्न."

"काढली. तर ते दिसतच नाहीत." तिने तोही छापलेला कागद पुढे केला. ते दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहत राहिले.

"याआधी एकोणसाठ झोपले होते," ती म्हणाली. "सदतीस उठले, बावीस गेले. आत ठेवलेल्या एकोणीसपैकी कोणते उठतील हे मला सांगता येणार नाही. आत्यांनाही नाही. पण शून्य म्हणणं खोटं आहे."

"ते पटलं. पण ताई, हे तुम्हाला विचारता येतं. मला येत नाही, दादांना येत नाही. प्रश्नवाली घेतली आणि तुम्ही रजेवर गेलात, तर मी काय करायचं? काचेवर डोकं आपटायचं?"

हा खरा प्रश्न होता. गेले तीन आठवडे तो तिचाच प्रश्न होता, उलट्या बाजूने. तिने झरोक्यातलं तिरपं ऊन मनात आणलं, त्यातले तरंगणारे केस, बंद काच.

"शिकवीन," ती म्हणाली. "तुम्हाला आणि दादांना. रोज दुपारी अर्धा तास. अवघड नाही. आपल्याला काय हवंय ते आधी स्वतःला नीट माहीत असावं लागतं, एवढंच अवघड आहे."

"म्हणजे मला जन्मात जमणार नाही."

"लहानपणी शंभर मोजायलाही तुला दोन महिने लागले होते," आत्या म्हणाल्या. "जमलं ना?"

धाकटे मालक हसले, मग गंभीर झाले. "बरं, प्रश्नवाली घेऊ. पण उद्याची गाडी मी कुठे रिकामी करू? एकोणीस पिशव्यांची जागा मला हवीच आहे."

आत्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरच्या थंड हवेच्या यंत्राकडे त्यांनी बोट दाखवलं. "याला सोळावर ठेव, खिडकीवर जाड पडदा लाव. ते शोभेचं कपाट रिकामं कर. दोन महिने सहज निघतील."

"आणि मी?"

"तू स्वेटर घाल."

त्यांनी कपाट उघडून पाहिलं. त्यात कंपनीला मिळालेली मानचिन्हं होती. मग त्यांनी दादांना हाक मारून दुसरा कागद लिहायला घेतला. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

गुरुवारी खिडकीताईने एक पान लिहून दिलं. ते फारसं लांबलं नाही. प्रश्नवाली घ्यावी, असं तिने लिहिलं, आणि कारणांमध्ये स्वतःची चूकही लिहिली. चित्रवाली नवा माल दाखवायला छान आहे, आपल्याकडे मात्र झोपलेला माल बराच आहे, असंही लिहिलं. पान देऊन ती जागेवर परतली, तर आत्या तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातात बारा रिकाम्या कागदी पिशव्या होत्या, सपाट करून एकावर एक ठेवलेल्या.

"यांचंही लिहून टाकू," त्या म्हणाल्या.

त्या आकडा वाचत आणि ती नोंद उघडे. साठा: नाही. कारण: भरडला. शेऱ्यात तिने लिहिलं, कोऱ्या मोजणीच्या जागी चुकून शून्य धरलं गेलं, चूक नोंदविभागाची. दुसऱ्या नोंदीत तिने नोंदविभागाची खोडून माझी लिहिलं, मग पहिलीत जाऊन तीही दुरुस्त केली. दुपार होती. झरोक्यातलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं आणि दोघींच्या मधून बियांचा एक पांढरा केस, कुठे जायचं ते न ठरवता, वर चालला होता.

तिसऱ्या लॉटपाशी संगणकाने शेवटची मोजणी मागितली. तिचे हात थांबले.

"इथे काय लिहू, आत्या?"

आत्यांनी हातातली पिशवी उलटून पाहिली. आत एखादा दाणा अडकलेला असेल म्हणून तिची घडीही बोटाने चाचपली. काही नव्हतं.

"आधी मी कोरं ठेवायचे ते परत विचारायचं म्हणून," त्या म्हणाल्या. "आता विचारायचं कुणाला? तरी कोरंच ठेव. शून्य नको लिहूस. काय होतं ते आपल्याला कळलं नाही, एवढंच खरं आहे."

तिने चौकट तशीच सोडली आणि नोंद जतन केली. आत्यांनी पुढचा आकडा वाचला. काचेवर टकटक झाली. बाहेर स्वेटर घातलेले धाकटे मालक वही घेऊन उभे होते, पहिल्या धड्यासाठी. खिडकीताईने बोटांनी खूण केली: नऊ राहिलेत, थांबा. ते काचेला टेकून उभे राहिले, आणि ती चौथ्याकडे वळली.